ओढणारी गाडी

आम्ही दोघंही शिक्षक. दोघंही बी.एड., दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळेत आणि दोघांत मिळून एक मोटारसायकल. त्यामुळे २०२३च्या मे महिन्यात केपटाऊनहून चाचांचा फोन आला आणि सलाम-दुवा झाल्यावर त्यांनी एकदम विचारलं, "बेटा, कॅरव्हॅन ओढायला कुठली मोटार घ्यावी?" तेव्हा आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. मोटारीने ओढलेली एकच वस्तू आम्ही खेड तालुक्यात पाहिली होती, ती म्हणजे घाटात बंद पडलेली दुसरी मोटार.

कॅरव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिला स्वतःचं इंजिन नसतं. मोटारीच्या मागे जोडायची आणि न्यायची. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. दक्षिण आफ्रिकेत सुट्टीला अशी खोली घेऊन समुद्रावर जायची जुनी रीत आहे. चाचांनी एक लहानशी, वापरलेली कॅरव्हॅन स्वस्तात घेऊन टाकली होती. आता ती दारात उभी होती आणि तिला ओढणारं कुणी नव्हतं. घरातली मोटार अगदीच छोटी.

आम्हाला विचारायचं कारण एवढंच, की आमच्यापैकी एकाचा विषय विज्ञान आणि दुसऱ्याचा इतिहास-भूगोल. मुलखातल्या मास्तरांना सगळं येतं, अशी चाचांची समजूत.

चाचा म्हणजे अब्बांचे चुलत भाऊ. त्यांचे वडील, आमचे मोठे दादा, १९३६ साली बाराव्या वर्षी आगबोटीने केपटाऊनला गेले. १९१३च्या कायद्याने नव्या हिंदी माणसाला तिथे जवळजवळ दार बंदच होतं. पण आधीपासून राहणाऱ्यांची अज्ञान मुलं जाऊ शकत. मोठ्या दादांचे वडील तिथे फळांच्या दुकानात होते. असे रत्नागिरी-कुलाब्याकडचे पुष्कळ कोकणी मुसलमान त्या शहरात स्थिरावलेले. मग १९४६ साली तिथल्या हिंदी लोकांवरच्या अन्यायाच्या निषेधात भारताने त्या देशाशी व्यापार तोडला. पुढे कैक वर्षं आपला पासपोर्ट त्या देशाला चालत नसे. संबंध पुन्हा जुळले ते १९९३ साली. तोवर मोठे दादा मातीआड झाले होते. गाव त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. चाचांनी तर ते कधीच पाहिलं नव्हतं. कोकणी मात्र ते अशी बोलतात, जशी आता आमच्या गावातही कुणी बोलत नाही.

कॅरव्हॅनची गरज का पडली, तेही सांगायला हवं. केपचे मुसलमान तंबूचे शौकीन. मकॅसर इथे शेख युसूफ यांचा मजार आहे. डचांनी त्यांना १६९४ साली पूर्वेकडून हद्दपार करून केपला आणलं आणि १६९९ साली तिथेच त्यांचा इंतकाल झाला. ईस्टरच्या सुट्टीत त्या परिसरात हजारो मुसलमान तंबू ठोकून राहतात. चाचा लहानपणापासून जात आले. पण आता वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. चाचींचं खुब्याचं ऑपरेशन झालेलं. जमिनीवर झोपलं की उठवायला दोन माणसं लागायची. तंबू सोडायचा नव्हता आणि जमीन तर सोडायलाच हवी होती.

गाडीवरून घरात तीन मतं पडली. जोहान्सबर्गच्या मुलाचं म्हणणं, "बकी घ्या." बकी म्हणजे मागे हौदा असलेली गाडी. चार दारांची, मोठ्या टर्बो डिझेल इंजिनाची. चाचांनाही तीच हवी होती. मुलीचं, म्हणजे आमच्या आपाचं म्हणणं, घरातल्या छोट्या गाडीलाच हूक लावू आणि हळू जाऊ. चाची काहीच बोलत नव्हत्या.

आम्ही फोनवर किमती विचारल्या. धड अवस्थेतली वापरलेली बकी साडेतीन लाख रँड. एका रँडला साडेचार रुपये धरले तर पावणेसोळा लाख. तेव्हा आपा हळूच म्हणाली, "अब्बांनी गावाला येण्यासाठी पैसे बाजूला ठेवलेत. बकी घेतली तर ते जातील." त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. चाचांना समुद्रही दिसावा आणि गावही दिसावं, अशी गाडी शोधायला हवी होती.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून केपटाऊनला गेलो. लोक हसले. पण आमच्या घरातून १९३६ नंतर तिकडे गेलेलं कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी चाचांनी कॅरव्हॅन दाखवली. विज्ञानवाल्याने तिच्यावरची पत्र्याची पट्टी वाचली. रिकामं वजन ७८० किलो, भरून जास्तीत जास्त ९८० किलो. तिकडचा कायदा साधा आहे. भरलेलं वजन ७५० किलोपर्यंत असेल आणि ओढणाऱ्या गाडीचं रिकामं वजन त्याच्या निदान दुप्पट असेल, तर ट्रेलरला ब्रेक नसला तरी चालतो. त्याच्यावर ब्रेक हवाच. मोटार थांबू लागली की मागची खोली पुढे रेटते, त्या रेट्यानेच तिचा ब्रेक लागतो. असा ब्रेक असेल, तर ट्रेलरचं भरलेलं वजन ओढणाऱ्या गाडीच्या रिकाम्या वजनापेक्षा जास्त चालत नाही. शिवाय गाडी बनवणाऱ्याने किती ओढायला परवानगी दिली आहे तेही पाहायचं, आणि दोन्हींत जे कमी तेच खरं मानायचं. ७५० किलोवरच्या ट्रेलरला लायसन्सही वेगळं, ईबी प्रकारचं. ते आपाकडे होतं. घरातल्या छोट्या गाडीचं स्वतःचं वजनच हजार किलोच्या आत, आणि तिच्या पुस्तकात दिलेली ओढण्याची मर्यादा त्याहून कमी. आपाचं मत तिथेच बाद झालं.

आता बकी. मुलाचं म्हणणं चूक नव्हतं. ते जोहान्सबर्गचं होतं. जोहान्सबर्ग समुद्रसपाटीपासून १,७०० मीटरपेक्षा उंच. हवा विरळ, त्यामुळे साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार मीटरला साधारण दहावा हिस्सा कमी होते. तिथे टर्बोशिवाय ओढणं म्हणजे दम्याच्या माणसाला पोतं देणं. पण चाचांना जायचं होतं केपटाऊनहून किनाऱ्याकिनाऱ्याने. वाटेत सर लोरीज पाससारखा घाट होता खरा, पण तो काही आपल्या कशेडीच्या बापासारखा नाही. टनाच्या आतल्या बोज्याला अडीच-तीन टन ओढणारी गाडी कशाला? ते ओझं गाडी रोज रिकामीच वाहणार आणि तेल मात्र रोज पिणार.

हे चाचांना पटेना. "गाडी मोठी हवी," एवढंच ते म्हणत. का, ते सांगत नव्हते.

ते सांगितलं चाचींनी, इतिहासवाल्यासमोर भाजी निवडता निवडता. १९६४ सालची गोष्ट. मोठ्या दादांनी कुणाची तरी जुनी व्हॅन मागून घेतली, तीत बायको-मुलं आणि भांडी भरली, आणि पूर्वेकडच्या एका किनाऱ्यावर तंबू लावायला निघाले. फाटकावर पाटी होती, फक्त गोऱ्यांसाठी. १९५३च्या कायद्याने समुद्रसुद्धा वाटून टाकला होता. मोठ्या दादांना वाटलं, रात्र झाली आहे, कोपऱ्यात राहू देतील. पहारेकऱ्याने व्हॅनकडे पाहिलं आणि लाथ मारून म्हणाला, हे भंगार आधी इथून हलव. बारा वर्षांचे चाचा पुढच्या सीटवर होते. परत येताना मोठे दादा एक शब्द बोलले नाहीत. किनारे सगळ्यांना खुले झाल्याची घोषणा १९८९च्या नोव्हेंबरात झाली, कायदा १९९०मध्ये गेला. पण त्या जागी चाचा कधी गेले नाहीत. "आता त्यांना तिथंच जायचं आहे," चाची म्हणाल्या. "आणि गाडी अशी हवी, की कुणी तिला भंगार म्हणू नये."

आम्ही गप्प झालो. याचा हिशेब कुठल्या पुस्तकात नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळेच जुन्या गाड्यांच्या बाजारात गेलो. जाताना एकच ठरवलं, की आधी चाचींना बसवायचं. बकीची पायरी एवढी उंच की चाचींना पाय उचलवेना. शिवाय हौदा रिकामा असला की मागची बाजू उडते, आणि मागच्या सीटवरच्या माणसाचं कंबरडं तिला मोजतं. चाची चढताना एकदा "या अल्लाह" म्हणाल्या. चाचांनी ते ऐकलं. मग तेच पुढे जाऊन दुसऱ्या गाड्या पाहू लागले.

शेवटी जी गाडी पसंत पडली ती पाहून आम्हाला हसू आलं. महिंद्राची एक्सयूव्ही ५००, सात वर्षं जुनी, २.२ लिटर डिझेल. ही आपल्या चाकणला बनायची. चाची दाराशी वळल्या आणि बसल्या. चढावं लागलं नाही, वाकावंही लागलं नाही. रिकामं वजन काचेवरच्या लायसन्सच्या गोल कागदावर छापलेलं असतं. कॅरव्हॅनच्या भरलेल्या वजनाहून ते कितीतरी जास्त होतं. ओढण्याची मर्यादाही पुरेशी होती. किंमत एक लाख साठ हजार. बकीच्या निम्म्याहून कमी.

चाचा गाडीभोवती दोनदा फिरले. म्हणाले, "ही मुलखातून आली?" आम्ही म्हटलं, "हो, पुण्याजवळून." म्हणाले, "मग घ्या." त्यांची इज्जत आमच्या हिशेबाने राखली गेली नाही, या एका गोष्टीने राखली गेली.

गाडीला टो-बार बसवला, दिव्यांची वायर जोडली. चाचींनी कॅरव्हॅनमध्ये देग, तांदूळ, पाण्याचे कॅन सगळं मागच्या बाजूला रचलं. आमचे आजोबा बैलगाडीत भात भरताना म्हणायचे, गाडी धुरजड झाली तर बैलाची मान मोडते, उलाळ झाली तर जू वर उचलतं. कॅरव्हॅनचंही तेच. पुढचं टोक मोटारीवर साधारण ५ ते १० टक्के वजन टाकणारं हवं. त्याहून कमी असलं तर वेगात शेपटी हलू लागते आणि मोटारीला घेऊन जाते. आम्ही न्हाणीघरातला वजनकाटा आणला, त्यावर लाकूड उभं करून टोक टेकवलं. ३८ किलो. भरलेलं वजन ९००च्या वर, म्हणजे गाडी चक्क उलाळ. देग आणि कॅन चाकांच्या वर सरकवले, पुन्हा मोजलं, ६८. गाडीच्या पुस्तकातल्या मर्यादेच्याही आत. शाळेत तरफेचा पाठ आम्ही दरवर्षी शिकवतो. तो स्वतः पहिल्यांदा शिकलो.

फजरनंतर निघालो. मकॅसरला थांबून मजारावर फातिहा पढली. घाटात आपाने गिअर कमी ठेवला. वर आग्नेयेचा वारा मोकाट होता, कॅरव्हॅनला एकदा जोराचा धक्का बसला, पण शेपटी हलली नाही. वेग ९०च्या वर नेला नाही. एकटी असताना लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी त्या दिवशी ८ वर आली. चाची मात्र निम्मा रस्ता झोपल्या होत्या.

त्या जागेचं फाटक संध्याकाळी आलं. चाचांनी खिशातून ओळखपत्र काढून हातात धरलं होतं. पहारेकरी तरुण पोरगा होता. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला, म्हणाला, "जागा चौदा, डावीकडे," आणि आडवा बांबू वर केला. चाचांचा हात तसाच पुढे राहिला.

"एवढंच?" त्यांनी आम्हाला विचारलं.

"एवढंच, चाचा."

कॅरव्हॅन मागे घेताना मोटार उलटी वळवावी लागते. आपाला ते तीनदा जमलं नाही. शेजारच्या तंबूतून चाचांच्याच वयाचा एक गोरा म्हातारा आला आणि त्याने न विचारता खोलीला हात लावून ढकलायला मदत केली. रात्री चाचींनी त्याच्याकडे सांदणं पाठवली. चाचा आणि तो बराच वेळ उभे होते. आम्हाला वाटलं, जुन्या गोष्टी निघाल्या असतील. विचारलं तर चाचा म्हणाले, "नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं, ते सांगत होता."

चाची पलंगावर झोपल्या, कुणी न उचलता उठल्या. चाचा फजर पढून पाण्यापर्यंत एकटेच गेले. आम्ही मागे गेलो नाही.

उरलेल्या पैशांत २०२५च्या जानेवारीत दोघं गावाला आले. मोठ्या दादांचं घर आता नाही, नुसतं जोतं आहे. चाचा त्या जोत्यावर अस्रपर्यंत बसून होते. पण त्याआधी, सकाळी, खेड स्टेशनवर आम्ही त्यांच्यासाठी वडापची जीप ठरवली होती. चाचांनी सामान खाली ठेवलं, जीपचं पुढचं दार उघडलं, आणि भाड्याचं विचारण्याआधी चाचींना म्हणाले, "तू आधी बसून बघ."