गोळीची लाज कसली?



आमच्या वस्तीत दरवर्षी जयंतीच्या आठवड्यात आरोग्य शिबिर भरते. २०२४ च्या एप्रिलमधल्या शिबिराचे काम आमच्याकडे होते. मंडपात टेबल मांडायचे, रजिस्टरमध्ये नाव-वय लिहायचे, म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून डॉक्टरांपर्यंत न्यायचे. टाळाटाळ करणाऱ्यांना आम्हीच समजावत होतो, "मावशी, मुंगी चावल्यासारखं होतं, भिता कशाला?" दुपारी गर्दी ओसरली तेव्हा नर्सताई म्हणाल्या, "भाऊ, एक पट्टी उरलीय. तुमचं बोट द्या." यंत्रावर आकडा आला २८४.

आम्ही हसून म्हणालो, "आत्ताच सरबत प्यालो, म्हणून असेल." नर्सताई हसल्या नाहीत. "उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये जा," एवढेच म्हणाल्या.

खरे तर शरीर दोन-तीन महिने सांगत होते. रात्री तीन-तीनदा लघवीला उठावे लागे, घशाला कोरड पडे, पँट कमरेला सैल झाली होती. मुलांची आई म्हणायची, "एकदा दाखवून या." आम्ही म्हणायचो, "जयंतीची धावपळ आहे, दुसरं काही नाही."

लॅबचा रिपोर्ट आला. उपाशीपोटी साखर १९२, आणि एचबीए१सी ९.४ टक्के. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावून सांगितले. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त आणि एचबीए१सी ६.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे मधुमेह. आम्ही कारकून माणूस, हिशेबाच्या भाषेत लगेच समजले. बोटातली साखर म्हणजे त्या घटकेची रोकड शिल्लक आणि एचबीए१सी म्हणजे मागच्या तीन महिन्यांचा ताळेबंद. रोकड एखाद्या दिवशी जुळवता येते, ताळेबंद लपत नाही.

गोळी सुरू झाली. मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ जेवणाबरोबर. घरात फक्त मुलांच्या आईला सांगितले. आईला नाही, मुलांना नाही, मंडळात तर नाहीच. लाज वाटत होती. ज्याने शिबिर भरवले, तोच रोगी निघाला! शिवाय दुसरी एक अडचण होती. कार्यकर्त्याला घरोघर चहा होतो. आपल्या माणसांच्या हातचे पाणीही एके काळी कोणी घेत नव्हते. त्यांच्या घरचा चहा नाकारायचा कसा? आणि "बिनसाखरेचा द्या" म्हटले की कारण सांगावे लागणार. म्हणून आम्ही गोड चहा पीत राहिलो.

पहिल्या आठवड्यात गोळीने पोट बिघडले. दोनदा ऑफिसातले काम टाकून पळावे लागले. अशा वेळी एका सहकाऱ्याने कानात सांगितले, "गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. ही पावडर घ्या, साखर मुळासकट जाते." आम्ही गोळ्या बंद केल्या आणि पावडर सुरू केली. अंगारे-धुपारे यांच्याविरुद्ध ज्या तोंडाने वस्तीत भाषणे केली, त्याच तोंडाने ती पावडर गिळत होतो. फरक एवढाच, की अंगारा कागदाच्या पुडीत मिळतो आणि ही प्लास्टिकच्या डबीत मिळत होती.

जुलैत नव्या चपलेने टाचेला फोड आला. तो फुटला, पण तीन आठवडे भरेना. आम्ही त्यावर मोजा चढवून हिंडत होतो. एका संध्याकाळी मोरीत पाय धुताना आईने पाहिले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या आबानं बी असाच मोजा घातला व्हता."

आमचे आबा गोदीत कामाला होते. २००६ साली त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला, पुढच्या वर्षी गुडघ्याखाली पाय. २००९ साली ते गेले. आम्ही इतकी वर्षे समजत होतो की औषधपाणी करूनही त्यांना गुण आला नाही. त्या दिवशी आईने जे सांगितले ते आम्हाला ठाऊक नव्हते. "त्ये गेल्यावर गादी उचलली, तर खाली गोळ्यांची अख्खी पाकिटं. माझ्यासमोर हातात घ्यायचे अन् मागनं ठिवून द्यायचे. म्या कुनाला बोलले न्हाई. त्यांची लाज राखली." मग पदराने डोळे पुसून आमच्याकडे बघत म्हणाली, "बाबासाहेब सुया टोचून घ्यायचे, अन् तू गोळीला लाजतोस व्हय?"

आई शाळेत गेलेली नाही, पण बोलली ते खरे होते. बाबासाहेबांना मधुमेह होता. १९४८ साली संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना त्यांना झोप लागत नव्हती, पायांत वेदना होत होत्या आणि ते इन्सुलिन घेत होते. त्याच वर्षी १५ एप्रिलला त्यांचा विवाह डॉ. शारदा कबीर, म्हणजे माईसाहेब, यांच्याशी झाला. त्यांच्या पथ्यपाण्याकडे आणि औषधांकडे माईसाहेब पाहत. औषध घेतल्याने त्यांच्या तेजाला उणेपणा आला असे आपल्यापैकी कोणी म्हणेल का?

दुसऱ्या दिवशी आईच आमच्याबरोबर दवाखान्यात आली. साखर ३१६ निघाली होती. डॉक्टर रागावले नाहीत. डबी हातात घेऊन म्हणाले, "हिच्यात काय घातलंय ते हिच्यावर लिहिलेलं नाही. बिनपावतीचा माल ऑफिसात घ्याल का? मग पोटात कसा घेता?" पोट बिघडण्याचेही त्यांनी सांगितले, की हा त्रास बहुतेकांचा थोड्या दिवसांत कमी होतो. नाही झाला तर सावकाश विरघळणारी गोळी मिळते. न विचारता बंद करायची नाही, एवढे पाळायचे. आमची गोळी त्यांनी बदलून दिली, जखमेला मलमपट्टी सुरू केली. टाच भरायला दीड महिना लागला.

त्या रात्री मुलांनाही सांगितले. मग ताट साऱ्या घराचेच बदलले. तीन भाकरींच्या जागी दीड भाकरी, अर्धे ताट पालेभाजी आणि फळभाजी, वाटीभर मटकी किंवा डाळ, कधी अंडे, कधी सुकट. ज्वारीची झाली तरी भाकरीनेही साखर वाढते, आणि गूळ म्हणजेही साखरच, हे आम्हाला नव्याने कळले. जेवणानंतर मुलांची आई आणि आम्ही अर्धा तास चालतो. लग्न झाल्यापासून इतके बोललो नव्हतो.

चहाचाही हिशेब मांडला. दिवसाला दहा कप, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे वीस चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर रोज शंभर ग्रॅम आणि महिन्याला तीन किलो! आता कुठेही गेलो की दारातच सांगतो, "वहिनी, आम्हाला शुगर आहे, बिनसाखरेचा द्या." कोणी वाईट वाटून घेत नाही. उलट चारांपैकी एखाद्या घरातून हळू आवाजात उत्तर येते, "दादा, आमच्या यांनाही आहे. पण कुणाला सांगू नका."

जानेवारी २०२५ च्या ताळेबंदात ६.९ आले. रोग गेला नाही. तो आटोक्यात ठेवायचा असतो. डोळ्यांचा पडदा, लघवीतले प्रथिन आणि पाय यांची तपासणी आम्ही आता दरवर्षी करून घेणार आहोत. चप्पल घालण्यापूर्वी तळवे पाहायची सवय लागली आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातल्या मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख सांगितली आहे. मग आपल्या चाळीत, आपल्या गल्लीत कोणीच नसेल असे होईल का? तेव्हा बंधू-भगिनींनो, तहान वाढली, रात्री वारंवार उठावे लागले, वजन उतरले, जखम भरेना, तर वाट पाहू नका. आईवडिलांना मधुमेह असेल तर काही त्रास नसतानाही तपासून घ्या. औषध महाग वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात विचारा. जनौषधी केंद्रात मेटफॉर्मिन बरीच स्वस्त मिळते. आणि घरात कोणी गोळ्या गादीखाली ठेवत असेल, तर त्याची लाज राखू नका, त्याचा पाय राखा.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा शिबिर भरले. रजिस्टर आमच्याच हाती होते. पहिल्या ओळीत आम्ही आमचे नाव लिहिले, पुढे 'मधुमेह, उपचार चालू' असे लिहिले आणि बोट पुढे केले. मागे रांगेत मंडळाचे सगळे कार्यकर्ते उभे होते. त्यांच्यातल्या दोघांची साखर जास्त निघाली. दुसऱ्या दिवशी त्यांना लॅबमध्ये घेऊन आम्हीच गेलो.

जयभीम!