रोज खुडलेली तुळस

कोकणातल्या आमच्या घरची तुळस कधी उंच झालीच नाही. पसरली मात्र अशी की फांद्या वृंदावनाच्या काठाबाहेर झुकायच्या. तिला रोज हात लागायचा, तोही अनेकांचा. पहाटे आजोबा पूजेसाठी कोवळ्या मंजिऱ्या काढत. दुपारी नैवेद्याच्या ताटावर पान हवंच. कुणी शिंकलं की गवती चहा, आलं, मिरी यांच्याबरोबर मूठभर पानं काढ्यात जायची. "काकू, चार पानं नेते हां," म्हणत शेजारची सून परसातून यायची.

आजी शेंड्याची डहाळी चिमटीत धरून पानांच्या जोडीच्या बरोबर वर खुडायची. मग त्या जोडीच्या बगलेतून दोन फुटवे निघायचे, पुढे त्या दोनांचे चार. मंजिरीत बी धरू दिलं नाही की तुळस पानं देत राहते. बी पिकू दिलं की पानं बारीक होतात आणि खोड लाकडासारखं टणक. आजीनं हे कधी शब्दांत सांगितलं नाही, पण तिच्या हाताला ते ठाऊक होतं. रविवारी, द्वादशीला आणि सूर्य मावळल्यावर खुडायचं नाही, हा नियमही घरात पक्का होता. त्या निमित्तानं झाडालाही उसंत मिळायची, असं मला आता वाटतं.

वृंदावन जांभ्या चिऱ्याचं, कमरेइतकं उंच. बाहेर धो धो पाऊस असला तरी मुळाशी पाणी साचत नसे. चुलीतली राख आणि शेणखत तिथंच पडायचं. कार्तिकात तुळशीच्या लग्नाआधी वृंदावन रंगवायचं, वरची माती बदलायची. पहिल्या पावसानंतर चिऱ्यांच्या फटींतून रोपं डोकावत आणि ती वाडीभर वाटली जात.

आता शहरात आमच्या सोसायटीत बहुतेक बाल्कन्यांमध्ये तुळस आहे आणि बहुतेक ठिकाणी ती काटकुळी आहे. भक्ती कमी झालेली नाही. हळदकुंकू वाहिलं जातं, उदबत्ती लागते. पण पूजेची पानं फुलपुडीतून येतात, काढ्याची पावडर डबीतून, आणि दारच्या तुळशीला खुडायला कुणी धजत नाही. मंजिऱ्या जागच्या जागी वाळून तपकिरी होतात. वर ऊन तासभर, खाली कुंडीच्या बशीत पाणी कायम. मुळं कुजतात आणि नर्सरीतून नवं रोप येतं. पाहून जीव कळवळतो.

त्याच बाल्कन्यांत तिची चुलतबहीण बेसिल मात्र डवरलेली दिसते. फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे याच बेसिलच्या जातीचं बी. वाण्याकडचा सब्जा मातीत टाकला तरी बहुधा उगवतो. इटलीत जेनोव्हाच्या परिसरात पेस्टोसाठी बेसिलची कोवळी पानं फुलोरा येण्याआधीच काढतात. माझी भाची पास्त्यासाठी तसंच करते: पानांच्या जोडीच्या वर खुडते आणि फुलाचा तुरा दिसला की लगेच काढते. परवा तिला म्हटलं, "हेच शेजारच्या तुळशीला कर."

"चालेल, मावशी?"

"चालेल. सकाळी खुड, रविवार सोडून. आणि खुडलेल्या पाल्यातली मूठभर पानं आजच्या काढ्याला दे."