लिफ्टचा हिसका

मुलुंड येथील आमच्या सात मजली इमारतीची लिफ्ट गेल्या पावसाळ्यानंतर फार विक्षिप्त झाली होती. माणसांनीं भरली कीं निघतांना प्रथम दोन बोटें खालीं बसे. एकटादुकटा असला कीं उलट वर उसळे. मातोश्रींनीं तिचा धसकाच घेतला. गुडघ्यांमुळें जिना बंद, भीतीमुळें लिफ्ट बंद; संध्याकाळचें देवदर्शनहि सुटलें. देखभाल करणाऱ्यांनीं दोनदां ब्रेकचे पट्टे बदलले व पैसे नेले, हिसका मात्र ठेवून गेले.

अखेर एक तरुण कारागीर आला. त्यानें ब्रेकला हातहि लावला नाहीं. आपली वीज सेकंदास ५० आवर्तनांची. तीं आवर्तनें शून्यापासून हळूहळू वाढवून मोटार चालविणारी 'ड्राइव्ह' नांवाची पेटी असते. पावसांत बिघडली म्हणून ती नवी बसविली होती, पण आंतील आंकडे कारखान्यांतून आले तसेच!

"ब्रेक धड आहे, मग चुकतें काय?" आम्हीं विचारलें.

"वेळ चुकते, काका. मोटारींत जोर येण्यापूर्वींच ब्रेक सुटतो."

दोराच्या दुसऱ्या टोकाचें वजन रिकाम्या केबिनहून पूर्ण भाराच्या सुमारें निम्म्यानें अधिक ठेवितात. त्यामुळें ब्रेक सुटतांच जी बाजू जड, ती ओढून नेते. त्यानें मोटारीवरील पट्टीचे आंकडे पेटींत भरले, ब्रेक सेकंदाचा कांहीं अंश उशिरां सुटेल असें केलें, आणि रिकामी व भरलेली अशा दोन्ही फेऱ्या करून पाहिल्या.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मातोश्री पिशवी घेऊन निघाल्या. आम्ही सोबतीस उठलों, तों म्हणाल्या, "तूं चहा घे आपला. मी जातें एकटी."