सुनयनीदेवींची ओळख

दिल्लीस बदली होऊन आल्यापासून दर रविवारी मुलांना काहीतरी ‘पाहण्यासारखे’ दाखवावे, असा आमचा नेम आहे. त्यात मुलांच्या शिक्षणापेक्षा आमच्या पितृत्वाचे समाधानच अधिक असते, हे कबूल केलेले बरे. अशाच एका रविवारी आम्ही जयपूर हाउसमधील राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात गेलो.

चिरंजिवांना अवनींद्रनाथ टागोर ठाऊक होते. त्यांची १९०५ सालची ‘भारतमाता’ त्यांनी पुस्तकात पाहिली होती. गगनेंद्रनाथांविषयी आम्ही रुबाबात चार वाक्ये सांगितली. इतक्यात धाकटी कन्या एका लहानशा चित्रापाशी थबकली. लांबट, अर्धोन्मीलित डोळ्यांच्या स्त्रियांचे ते चित्र होते. खाली नाव होते, सुनयनीदेवी.

“बाबा, या कोण?”

आमचा रुबाब तेथेच संपला.

घरी येऊन पुस्तके चाळली. सुनयनीदेवी (१८७५-१९६२) ही अवनींद्रनाथांची व गगनेंद्रनाथांची सख्खी धाकटी बहीण! भावांना शिक्षक लाभले; बहिणीचे बालवयातच लग्न झाले. तिशीच्या सुमारास, संसार सांभाळून, कोणाही गुरूवाचून त्यांनी कुंचला हाती घेतला. रंगविलेला कागद पाण्यात बुडवून रंग मुरवावयाचा, ही त्यांची रीत. राधा, कृष्ण, गवळणी हे त्यांचे विषय. १९२२ साली कलकत्त्यास जर्मनीतील बाउहाउसच्या कलावंतांचे प्रदर्शन भरले, तेव्हा तेथे या गृहिणीचीही चित्रे मांडलेली होती.

रात्री हे सारे मुलांना सांगितले. कन्येने शांतपणे ऐकून विचारले, “त्यांना रंग कोणी आणून दिले?”

आम्ही चमकलो. गेल्या दिवाळीस रंगपेटी आणली, ती चिरंजिवांसाठी. तिच्यातील वड्यांना अजून पाणी लागलेले नाही. कन्या मात्र पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने चित्रे काढीत असते; आणि “आधी आईला पाने घ्यायला मदत कर,” असे म्हणून तिला त्यावरून आम्हीच कितीदा उठविले आहे! विस्मृतीत गेलेल्या स्त्रियांबद्दल इतिहासाला दोष देणे सोपे असते. पण ही विस्मृती आमच्याच स्वयंपाकघराच्या दाराशी सुरू होत होती.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून येताना आम्ही आणखी एक रंगपेटी घेतली. कन्येने ती उघडली, तोच आतून जेवणाची हाक आली. ती सवयीने उठू लागली.

“बस तू,” आम्ही म्हणालो, आणि चिरंजिवांना बरोबर घेऊन पाने घ्यावयास गेलो.