उशिरा पोहोचलेला साबोनिस

मी भाषा शिकवणारी बाई. उर्दूचे दोन वर्ग आणि मराठीचे तीन. कधी मैदानावर ड्युटी लागली तर झाडाखाली बसून वह्या तपासायच्या, एवढाच माझा खेळाशी संबंध. तरी गेल्या पावसाळ्यापासून मी लिथुआनिया नावाच्या छोट्याशा देशातल्या एका बास्केटबॉल खेळाडूचे सामने बघत आले आहे, आणि तेही चाळीस वर्षांपूर्वीचे. शाळेतल्या मैत्रिणी हसतात. हसू देत.

त्याचं असं झालं की आमच्या धाकट्याची टाचेमागची जाड नस खेळताना तुटली. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. ऑपरेशन झालं, प्लास्टर झालं, आणि सतरा वर्षांचं पोर दिवसभर पलंगावर. हातात मोबाइल. एक दिवस म्हणाला, "अम्मी, ये देख ना, इसको भी वोइच हुआ था." मी बघितलं. काड्यांसारख्या पायांचा, लाल बनियनमधला एक उंचच उंच पोरगा मैदानभर पळत होता. नाव अर्विदास साबोनिस. उंची दोन मीटर एकवीस सेंटिमीटर, म्हणजे सात फूट तीन इंच. इतका उंच माणूस सहसा टोपलीखाली उभा राहून चेंडू आत ढकलतो, असं मुलगा मला समजावत होता. हा मात्र चेंडू अडवत होता, स्वतःच घेऊन धावत होता, आणि मधेच पाठीमागून, न बघता, सोबत्याच्या बरोब्बर हातात देत होता. खेळातलं मला कळत नाही, पण ज्याला आपली माणसं कुठे उभी आहेत हे वळून न बघता कळतं तो हुशार, एवढं कुठल्याही बाईला कळतं.

साबोनिसचा जन्म 19 डिसेंबर 1964 चा, काउनास शहरातला. त्या वेळी लिथुआनिया सोव्हिएत संघात होता. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हा देश स्वतंत्र होता तेव्हा त्याने 1937 आणि 1939 अशी दोनदा युरोपची बास्केटबॉल स्पर्धा जिंकली होती. 1939 ची स्पर्धा तर काउनासमध्येच झाली, आणि तिच्यासाठी खास सभागृह बांधलं गेलं. पुढच्याच वर्षी देशच गिळला गेला. झेंडा गेला, सरकार गेलं, बास्केटबॉल मात्र घराघरात राहिला. तीस लाखांच्या आसपास वस्तीच्या देशात लोक त्याला दुसरा धर्म म्हणतात. बोलण्याची पद्धत झाली ही, पण त्यावरून वेड किती ते समजावं.

इथे भाषेच्या बाईला थोडं थांबू द्या. लिथुआनियन भाषा संस्कृतची दूरची बहीण आहे. मुलाला ते 'सूनुस' म्हणतात, आणि संस्कृतात मुलगा 'सूनु'. धुराला 'दूमास', आणि आपल्याकडे धूम. पुरुषांची नावं 'आस' किंवा 'इस'वर संपतात. घरातल्या बाईचं आडनाव मात्र वेगळं होतं: साबोनिसची बायको साबोनिएने, मुलगी साबोनीते. आडनावावरूनच बाईचं लग्न झालंय की नाही ते गावाला कळावं, ही सोय तिकडेही करून ठेवलेली आहे.

साबोनिसच्या क्लबचं नाव झाल्गिरिस. हे एका लढाईचं नाव आहे. 1410 मध्ये पोलंड आणि लिथुआनियाच्या फौजांनी जर्मन धर्मयोद्ध्यांचा पराभव केला, ती लढाई. लिथुआनियाचा महाराजा वितौतास याच्या बाजूने त्या दिवशी तातार मुसलमान घोडेस्वारही लढले होते. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत, आणि काउनासमध्ये 1930 च्या दशकात बांधलेली एक पांढरी, टुमदार मशीद आहे, वितौतासच्याच नावाची. सोव्हिएत राजवटीत ती बंद होती, नंतर परत मिळाली. मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अम्मी, तुला मॅचमध्येपण इतिहासच दिसतो."

पण इतिहास होताच तिथे. मॉस्कोचा सेस्का हा लाल सैन्याचा क्लब. देशभरातले चांगले खेळाडू त्याच्याकडे. काउनासचा झाल्गिरिस म्हणजे एका प्रांतातली पोरं. 1985, 1986 आणि 1987 अशी सलग तीन वर्षं झाल्गिरिसने सेस्काला मागे टाकून सोव्हिएत लीग जिंकली. रस्त्यात आपला झेंडा घेऊन उभं राहता येत नव्हतं अशा दिवसांत त्या विजयाचा अर्थ काउनासच्या घरांत काय लागत असेल, तो वेगळा लिहायला नको.

1986 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स या संघाने साबोनिसची निवड केली. तो होता एकवीस वर्षांचा. त्या वयातला तो जगातल्या सर्वांत चांगल्या उंच खेळाडूंपैकी एक होता असं जाणकार म्हणतात. पण सोव्हिएत सरकार सोडायला तयार नव्हतं. आणि मग ती नस तुटली. एकदा नाही, दोनदा. मोसमात झाल्गिरिसकडून, उन्हाळ्यात सोव्हिएत संघाकडून, वर्षभर खेळणंच खेळणं. पायाला उसंत नाही. 1988 मध्ये त्याला उपचारासाठी पोर्टलंडला जाऊ दिलं गेलं. तिथल्या डॉक्टरांचं मत होतं की त्याने इतक्यात खेळू नये. सप्टेंबरात सेऊल ऑलिंपिक होतं. सोव्हिएत संघाला तो हवा होता. तो खेळला.

हा भाग आमच्या घरात फार गाजला. कारण आमच्याकडेही तेच चाललं होतं. मुलाच्या प्रशिक्षकांचं म्हणणं, निवड चाचणी डिसेंबरात आहे, पोरगा तोवर उभा राहील, लागलं तर इंजेक्शन घेऊन दोन सामने काढू. पुढच्या वर्षी तो वयोगटात बसत नाही. राज्य पातळीवर खेळला तर बारावीला वाढीव गुण, पुढे नोकरीत खेळाडूंच्या पाच टक्के जागांचा दरवाजा. हे काही खोटं नव्हतं. आमच्यासारख्या घरात पाच टक्के म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. माझे दीर म्हणाले, "भाभी, मौका एकदाच येतो." आणि मुलगा माझ्यासमोर सेऊलचा सामना लावून बसला. बघ, म्हणाला, साबोनिस खेळला की नाही?

खेळला. उपांत्य सामन्यात सोव्हिएत संघाने अमेरिकेला 82-76 असं हरवलं. अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाला 76-63. सुवर्णपदक. आणि गंमत बघा, त्या संघाच्या मुख्य पाच खेळाडूंतले चार लिथुआनियाचे होते: साबोनिस, मार्चुलिओनिस, कुर्तिनाइतिस आणि खोमिचुस. सोव्हिएत संघाच्या विजयात वाजलं ते सोव्हिएत राष्ट्रगीत. या खेळाडूंनी पुढे सांगितलं आहे की प्रशिक्षक गोमेल्स्की यांनी सुवर्णपदक मिळालं तर परदेशी खेळायला परवानगी मिळवून देण्याचा शब्द दिला होता. 1989 मध्ये ती मिळाली. म्हणजे त्या दुखऱ्या पायावर फक्त पदक नव्हतं, सुटकाही होती. म्हणून सेऊलला खेळवणाऱ्यांना सरसकट दुष्ट म्हणायला माझी जीभ उचलत नाही. पोराचं म्हणणं अर्धं बरोबर होतं, आणि अर्धं बरोबर असलेल्या पोराशी वाद घालणं फार कठीण.

मी त्याला पुढची गोष्ट वाचायला लावली. परवानगी मिळाल्यावर मार्चुलिओनिस सरळ अमेरिकेला गेला. साबोनिस गेला नाही. तो स्पेनमधल्या वायादोलिद या मध्यम शहराच्या क्लबात गेला. अमेरिकेतल्या मोसमात ब्याऐंशी सामने असतात, ते त्याच्या पायांना झेपणार नव्हते. पोर्टलंडला तो पोहोचला 1995 मध्ये, निवड झाल्यानंतर नऊ वर्षांनी. संघाचे व्यवस्थापक बॉब व्हिटसिट यांनी सांगितलेली एक गोष्ट प्रसिद्ध आहे: संघाच्या डॉक्टरांनी त्याचा एक्स-रे बघितला आणि म्हणाले, नुसत्या या एक्स-रेवर याला अपंगांसाठी राखीव पार्किंगचा परवाना मिळेल. ऐकणारा हसतो. मी मुलाला म्हटलं, हे वाच आणि मग हस. तो हसला नाही.

शेवटी चाचणीला पाठवायचं नाही असं ठरलं. ठरवलं मी आणि मुलाच्या अब्बांनी. चार दिवस पोरगा माझ्याशी बोलला नाही. जेवण ताटात तसंच. त्याच्या आजीने मध्ये पडून समजूत काढायचा प्रयत्न केला, तर तिच्याशीही अबोला. पाचव्या दिवशी मगरिबनंतर आपणहून म्हणाला, "वायादोलिदचे सामने सापडत नाहीत." एवढंच.

मला स्वतःला वायादोलिदची ती तीन वर्षंच सर्वांत जवळची वाटतात. लोक साबोनिसबद्दल बोलताना लगेच हळहळतात: पाय शाबूत असते तर, 1986 मध्येच अमेरिकेला गेला असता तर. जणू अमेरिकेत खेळलेलं तेवढं आयुष्य आणि बाकीचं प्रतीक्षालय. मी बी.एड. केलं ते दोन मुलं झाल्यावर, पस्तिशीच्या तोंडावर. तेव्हाही "आता कशाला" म्हणणारे होते आणि "आधी केलं असतं तर" म्हणणारेही. दोघांचंही बोलणं एकाच कानाने ऐकावं लागतं.

वायादोलिदमध्ये त्याने उडी नसलेला खेळ उभा केला. पूर्वी हवेत जाऊन करायचं ते आता जमिनीवर उभं राहून करायचं होतं. टोपलीकडे पाठ करून चेंडू हातात धरायचा, सोबती पळत येण्याची वाट बघायची, आणि चिमटीतून सोडावा तसा चेंडू सोडायचा. लांबून तीन गुणांचा नेम होताच. 1992 मध्ये त्याला रेआल माद्रिदने नेलं. तिथे 1993 आणि 1994 मध्ये स्पेनची लीग जिंकली, आणि 1995 मध्ये झारागोझा इथे ग्रीसच्या ऑलिंपियाकोसला 73-61 असं हरवून युरोपचं विजेतेपद. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू साबोनिसच.

त्याआधीचं बार्सिलोना ऑलिंपिक सांगायलाच हवं. 11 मार्च 1990 ला लिथुआनियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. जानेवारी 1991 मध्ये विल्निअसच्या टीव्ही मनोऱ्यापाशी सोव्हिएत रणगाड्यांपुढे निःशस्त्र माणसं उभी राहिली, त्यांतली काही मेली. त्यानंतर दीड वर्षाने देश ऑलिंपिकला निघाला तेव्हा हातात पैसे नव्हते. मार्चुलिओनिसने अमेरिकेत फिरून मदत गोळा केली. ग्रेटफुल डेड नावाच्या गाणाऱ्या मंडळींनी पैसे दिले आणि बांधणीसारखे रंगवलेले पिवळे-हिरवे-लाल टीशर्ट दिले. तेच रंग, जे आधी लपवावे लागायचे. उपांत्य सामन्यात अमेरिकेने त्यांना 127-76 असं चिरडलं. पण कांस्यपदकाच्या सामन्यात समोर आला तो जुन्या सोव्हिएत संघातल्या उरलेल्या देशांचा एकत्रित संघ. लिथुआनिया 82-78 असा जिंकला. देशाचे प्रमुख लांड्सबर्गिस स्वतः खेळाडूंच्या खोलीत आले होते. पदक घ्यायला संघ त्या रंगीत टीशर्टांत उभा राहिला. सेऊलच्या सोन्यापेक्षा हे कांस्य मोठं असं ते खेळाडू सांगतात, आणि तिथे माझा त्यांच्याशी वाद नाही.

पोर्टलंडमध्ये साबोनिस सात मोसम खेळला. पहिल्याच वर्षी सामन्यामागे 14.5 गुण, आणि नवोदितांच्या पुरस्कारात दुसरा क्रमांक. एकतिशीचा नवोदित! तोवर तो जेमतेम धावत होता. सन 2000 मध्ये लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्ध निर्णायक सातव्या सामन्यात शेवटच्या टप्प्यात पोर्टलंड पंधरा गुणांनी पुढे होता, तरी हरला. शकील ओनीलसारख्या पहाडासमोर साबोनिस आपल्या त्या पायांवर उभा होता. तो सामना आमच्याकडे दोनदा बघून झाला आहे, तिसऱ्यांदा मी परवानगी दिलेली नाही.

2003 मध्ये तो काउनासला परत आला. झाल्गिरिसच्या मालकीत भाग घेतला आणि हिरवा-पांढरा गणवेश पुन्हा चढवला. वय एकोणचाळीस. त्या मोसमात युरोलीगच्या दोन्ही प्राथमिक टप्प्यांचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. अंतिम चारमध्ये जायची संधी शेवटच्या सेकंदांत निसटली. 2005 मध्ये त्याने खेळणं थांबवलं. 2011 मध्ये अमेरिकेतल्या नेस्मिथ दालनात, जिथे या खेळातल्या मोठ्यांची नोंद होते, त्याचं नाव लागलं.

आमचा धाकटा आता जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टाचा उचलतो, पंधरा वेळा उजवी, पंधरा वेळा डावी. तोंडाने मोजतो आणि मोबाइलवर दोमांतासचा सामना चालू असतो. दोमांतास साबोनिस हा अर्विदासचा मुलगा, 1996 मध्ये पोर्टलंडमध्येच जन्मलेला. वडील तिथे एकतिसाव्या वर्षी पहिला मोसम खेळत होते तेव्हाचा. तो अमेरिकेत विशीत पोहोचला, सॅक्रामेंटोकडून खेळताना 2023 ते 2025 अशी सलग तीन वर्षं सर्वाधिक रिबाउंड त्याचे. वडिलांसारखाच टोपलीकडे पाठ करून चेंडू धरतो, थांबतो, आणि सोबत्याला पळू देतो.