फुलीवाल्या पेशी

जॉन सल्स्टन यांच्याविषयी वाचताना मी दर वेळी एकाच ठिकाणी अडकते. माणूस बघत बसून बसून किती बसेल? केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, एका लहानशा खोलीत, रोज चार-चार तासांच्या दोन बैठका, आणि हे जवळजवळ दीड वर्ष. सूक्ष्मदर्शकाखाली सी. एलेगन्स या कृमीचा पारदर्शक गर्भ. पुरा वाढला तरी हा जीव जेमतेम मिलिमीटरभर. पेशी दुभंगायची, तिच्या लेकी दुभंगायच्या आणि सल्स्टन हातानं टिपत राहायचे. धर्मोपदेशकाचा हा मुलगा देव मानत नव्हता. पण अशी बैठक मी देवळांतही क्वचितच पाहिली आहे.

१९८३ साली गर्भातल्या पेशींची वंशावळ छापून आली. अंड्याबाहेरची त्यांनी रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्यासह १९७७ मध्येच पुरी केली होती. उभयलिंगी कृमीत एकूण १०९० कायिक पेशी जन्मतात, उरतात ९५९. मधल्या १३१ मरतात. रोग नाही, इजा नाही. प्रत्येक कृमीत त्याच १३१, ठरल्या वेळी. मरणारी पेशी गोल होते, चकाकू लागते, मग शेजारीण तिला गिळून टाकते. तासाभरात मागमूस राहत नाही. तेवढ्यात डोळा लागला, तर ती कधी होती हेच कळू नये.

आमच्या कुलवृत्तांतात तान्हेपणी गेलेल्यांना नाव नाही, फार तर ‘दोन अपत्ये अल्पायुषी’. सल्स्टननी मात्र मेलेल्या पेशीलाही तिची फांदी दिली आणि टोकाशी फुली मारली. मला त्यांचं सगळं मोठेपण त्या फुलीत दिसतं. कोण कधी मरायला हवं हे कागदावर आलं, म्हणूनच तर कोण मेलं नाही हे पुढे कुणाला शोधता आलं.

ते शोधलं हॉर्विट्झनी, एमआयटीत. १९८६ साली हिलरी एलिस यांच्यासह त्यांनी सेड-३ आणि सेड-४ ही जनुकं दाखवली. त्यांतलं एक बिघडलं की त्या १३१ पेशी जगतात. जुनयिंग युआन यांनी १९९० मध्ये दाखवलं की ही जनुकं मरणाऱ्या पेशीच्या आतच काम करतात. म्हणजे मारेकरी बाहेरून येत नाही. मरणं हे त्या पेशीचं स्वतःचं काम, आणि त्यासाठी तिला प्रथिनं बनवावी लागतात! पुढे सेड-३चे भाऊबंद माणसातही सापडले. पेशीला मरू न देणाऱ्या माणसाच्या बीसीएल-२ प्रथिनाला रोखणारं व्हेनेटोक्लॅक्स २०१६ पासून रक्ताच्या एका कर्करोगावर वापरतात.

मला छळतो तो मात्र तो बिघडलेला कृमी. जास्तीच्या पेशी अंगावर घेऊन तो सरपटतो, खातो, अंडी घालतो. मग ही ठरलेली मरणं हवीत कशाला? हॉर्विट्झ या प्रश्नांत गुंतले, तोवर सल्स्टन त्या खोलीतून उठून कृमीच्या जीनोमचा नकाशा काढायला गेलेही होते. २००२ चं नोबेल सिडनी ब्रेनर यांच्यासह या दोघांना मिळालं, तेव्हा त्या वंशावळीला १९ वर्षं होऊन गेली होती.