फुसका बार

गेल्या हिवाळ्यात लेकीने मला मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. परदेशातला कुणी मध्यमवयीन गृहस्थ गॅरेजमध्ये टेबलाशी बसून काडतुसं भरत होता. झाडलेल्या काडतुसाचं पितळी कवच घ्यायचं, जुनी टोपी काढायची, कवच दाबून मापात आणायचं, नवी टोपी बसवायची, मोजून दारू घालायची, वर गोळी. मध्येच तो चहा पीत होता. "बाबा, किती स्वस्तात होतं बघा," ती म्हणाली. "आपण शिकूया?"

मी लगेच नाही म्हटलं नाही, याची आज गंमत वाटते. तेव्हा वाटली नव्हती. ती पंधरा वर्षांची. क्लबची पॉइंट टू टू रायफल वापरते, पन्नास मीटरवर. तिच्या टेबलासमोर भिंतीवर दोन चित्रं आहेत. एक २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये चौथा आलेल्या कोलकात्याच्या जयदीप कर्मकारचं, दुसरं २०२४मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवणाऱ्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं. एक जन्मगावचा, एक आजोळच्या मुलखाकडचा. त्या पन्नास मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. त्यात गोळी बसायची तर रोज गोळ्या झाडायला हव्यात, हा सरळ हिशेब. सामना साठ गोळ्यांचा. काडतुसं परदेशी. महिनाअखेरीला मी क्लबचं बिल आणि गॅसचं बिल शेजारी शेजारी ठेवायचो आणि आधी गॅसचं भरायचो. मग शेवटच्या आठवड्यात ती क्लबात न जाता घरी बसायची. तक्रार करायची नाही, तेच जास्त लागायचं.

अण्णा तेव्हा आमच्याकडे राहायला आले होते. माझे वडील. सगळी नोकरी वरणगावच्या आयुध निर्माणीत, काडतुसं तपासण्याच्या टेबलावर. चित्रफीत त्यांनी दोनदा पाहिली.

"हात चांगला आहे त्याचा," म्हणाले. मग नातीकडे वळून, "पण बेटा, तुझं काडतूस असं भरता यायचं नाही."

"का, आजोबा?"

"त्याच्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध टोपी आहे बघ. ती निघते, दुसरी बसते. तुझ्या पॉइंट टू टूला टोपीच नाही. पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेच्या आतच भरलेला असतो. घोड्याचा खटका त्या कडेवर बसतो, कड चेचली जाते. एकदा चेचली की संपलं. ते एकाच वेळेचं काम."

लेकीचा चेहरा पडला. मी सुटल्यासारखा म्हणालो, की शिवाय कायदाही आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा. ज्या देशांत लोक घरी भरतात, तिथला कायदा वेगळा. अण्णांनी हाताने मला थांबवलं. त्यांना कायद्यापेक्षा दुसरंच सांगायचं होतं.

"फुसका बार म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

तिला मराठी येतं ते घरापुरतं. ती म्हणाली, "मोठी मोठी बात करून काहीच न होणं."

"आपण हसतो त्याला. आमच्या कामात कुणी हसत नसे. दारू कमी पडली किंवा पडलीच नाही, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळीत शिरते आणि मध्येच अडकते. आवाज जरासा. नेमबाजाला वाटतं, काही झालं नाही. तो पुढचं काडतूस घालतो आणि घोडा ओढतो. आता नळी बंद आहे. मग नळी फाटते. आणि रायफल कुठे असते तुझी? गालाला लावलेली."

जेवणं तशीच राहिली. ते पुढे म्हणाले, "टेबलावर काडतूस बोटांत फिरवून मी कुठे पोचा, कुठे चीर बघायचो. आत काय आहे ते मला दिसायचं नाही. झाडणाऱ्यालाही दिसत नाही. आतलं सगळं दुसऱ्याच्या भरवशावर असतं."

बराकपुरात हे वाक्य ऐकणं म्हणजे काय, ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. अण्णांना मी गंगेकाठी मंगल पांडे उद्यानात घेऊन गेलो होतो. हुगळीला इथे सगळे गंगाच म्हणतात. १८५७ची काडतुसाची गोष्ट आपण शाळेत शिकतो ती चरबीची, गायीच्या आणि डुकराच्या. पुढचा भाग फारसा कुणी सांगत नाही. एन्फिल्ड रायफलचं काडतूस म्हणजे कागदाची नळी, आत दारू आणि गोळी. दाताने टोक तोडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी ठासायची. जानेवारीत दमदमला कुजबुज उठली. सरकारने महिनाअखेरीच हुकूम काढला, की चरबी न लावलेली काडतुसं देऊ, शिपायांनी बाजारातून आपल्या पसंतीचं तेल-मेण आणून लावावं. म्हणजे सरकार सांगत होतं, तुमचं तुम्ही करा. तरी फेब्रुवारीत इथल्याच छावणीत चौकशी बसली तेव्हा शिपायांनी कागदावर बोट ठेवलं. हा कागद चकाकतो, यातच काही आहे. पुढे दातांऐवजी हाताने फाडायची मुभा मिळाली, तीही वाया गेली. २९ मार्चला मंगल पांडेने बंदूक उचलली, ८ एप्रिलला त्याला फाशी झाली.

काडतुसांची ती हकीकत त्याच वर्षी मध्य हिंदुस्थानात पोचली. वरसईहून उत्तरेकडे निघालेल्या विष्णुभट गोडशांच्या ती वाटेत कानी आली, आणि 'माझा प्रवास'मधून मराठी घरांत आली. अण्णांनी ते पुस्तक वाचलेलं. बाकावर बसून सगळं ऐकल्यावर ते एवढंच म्हणाले, "भरवसा गेल्यावर हाताने केलेलंही चालत नाही."

संध्याकाळी त्यांनी शिवणाच्या डब्यातून काळं बटण शोधून काढलं. दहा मीटरच्या एअर रायफलच्या लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा असतो. आमची बैठकीची खोली भिंतीपासून भिंतीपर्यंत जेमतेम चार मीटर. चार मीटरवर तो तेवढाच दिसायला हवा तर सव्वाबारा मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शर्टाचं बटण. लेकीकडे जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली एअर रायफल होती. तिला छर्‍याशिवाय, हवेशिवाय नुसता घोडा ओढायची सोय आहे. नळी उघडून रिकामी आहे ना हे आधी आजोबांनी बघायचं, मग मी, मग तिने. तिघांनी बघितल्यावरच सराव.

कोरा सराव म्हणतात त्याला. गोळी नाही, आवाज नाही, गुण नाहीत. नेम धरायचा, श्वास सोडायचा, घोडा ओढायचा. टक्. त्या क्षणी नळीचं टोक हललं की नाही, हे फक्त तिलाच कळतं. खरी गोळी सुटते तेव्हा धक्क्यात आणि आवाजात हाताची चूक लपून जाते. बटणासमोर ती लपत नाही. क्लबातले प्रशिक्षक हे पहिल्यापासून सांगत होते. आम्हाला ते गरिबाचं समाधान वाटायचं.

रोज संध्याकाळी चाळीस मिनिटं. बाहेर सियालदाहची लोकल जायची, आत टक्. अण्णा पलंगावर डोळे मिटून पडलेले असत. आठवड्याभराने ते आतून ओरडू लागले, "हा झटक्याने ओढलास!" ती चकित. पाहिल्याशिवाय त्यांना कसं कळतं? जन्मभर त्यांनी आतलं न दिसणाऱ्या वस्तूंवर शिक्का मारलेला. मला वाटतं, ते आवाज नाही, आवाजाआधीची शांतता ऐकत होते.

क्लबचं बिल आता निम्म्याच्या आत आलं आहे. गुण वाढले, फार नाही. बंगालच्या संघात ती जाईल की नाही, सांगता येत नाही. मला तिला पुरेशा गोळ्या देता आल्या नाहीत, हे सल म्हणून राहीलच. पण मागच्या रविवारी क्लबात तिने साठ काडतुसांची पेटी उघडली तेव्हा मी बघत होतो. प्रत्येक काडतूस तिने आधी बोटांत एकदा फिरवलं, उजेडाकडे धरून. मग नळीत घातलं.

अण्णा त्या दिवशी घरी होते. परतल्यावर त्यांनी गुण विचारले नाहीत. "फिरवून बघितलीस?" एवढंच विचारलं.